दहा पाण्यांचा सोडा

अगं, तू आधी बस आणि फक्त ऐक. मध्ये "मग?" म्हणायचं नाही आणि "शक्यच नाही" तर अजिबात म्हणायचं नाही, कारण शक्य आहे, झालंय. आमच्या नॉर्डबीत झालंय, चर्चच्या तळघरात. आणि ज्याचं झालंय तो कुणी अडाणी माणूस नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. वेंडल प्रुइट.

वेंडल ॲरिझोनाहून इकडे मिनेसोटात आला त्याला इतकी वर्षं झाली की त्याने शिकवलेल्या पोरांची पोटं सुटली. तरी गावात तो "नवे सर"च. कुणी वाईट वागत नाही हं त्याच्याशी. वाईट वागणं आमच्याकडे बसतच नाही. त्याची गाडी बर्फात रुतली तर चौघं येऊन ढकलतात, हात झटकतात, "चल, येतो," म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. घरी म्हणजे त्याच्या घरी कुणी येत नाही, एवढंच.

बिचाऱ्याला एकच नाद, संयुगांची नावं. दुकानात गेला की पाकिटं उलटी करून वाचतो. टूथपेस्टच्या डब्यावर "सोडियम फ्लुओराइड" दिसलं की याचा चेहरा असा खुलतो, जणू कॉलेजचा मित्र भेटला. एकदा गल्ल्यावरच्या बाईला म्हणाला, "हा खाण्याचा सोडा आहे ना, याचं खरं नाव सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. चौऱ्याऐंशी ग्रॅमचा एक मोल!" ती म्हणाली, "हं. वेगळंच आहे."

आता हे "वेगळंच आहे" नीट लक्षात ठेव. आमच्याकडे माणूस "घाणेरडं आहे," "फुकट गेलं," "तुला अक्कल नाही," असलं काही बोलत नाही. "वेगळंच आहे हं" म्हणतो. याच्यापुढची शिक्षा म्हणजे फाशीच. पण वेंडल पडला बाहेरचा, त्याला वाटायचं, वाः, लोकांना रस वाटतोय.

तर आता मासा. दरवर्षी नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये ल्यूटफिस्कचं जेवण असतं. सुकवलेला कॉड, अगदी लाकडाची फळी, तो आधी पाण्यात, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग परत साध्या पाण्यात भिजवत बसायचं. फळीचा असा थरथरता पांढरा मासा होतो. त्यावर वितळवलेलं लोणी, बरोबर लेफ्से, म्हणजे आपली बटाट्याची पातळ पोळी. बाहेरगावाहून बस भरभरून लोक येतात. हल्ली बाकीची चर्चं भिजवलेला मासा विकत आणतात, आम्ही आणत नाही. आम्ही त्यावरूनच तर त्यांना नावं ठेवतो.

आणि जेवण संपलं, पाहुणे गेले, की दार लावून घेतात आणि मग स्वयंपाकघरातली मंडळी शेगडीजवळच्या लांब टेबलाला बसतात. उरलंसुरलं खातात, एकमेकांची टर उडवतात, टेबल बडवून हसतात. वेंडल दरवर्षी तिकीट काढून जेवायचा, कोटांच्या खुंट्यांजवळच्या एकट्या खुर्चीवर. आणि निघताना कोट घालायला इतका वेळ लावायचा, अगं, एकेक बाही अशी घालायचा जणू आत हात सापडत नाहीये. कुणी "अरे, बस की आमच्यात," म्हणेल म्हणून. कुणाच्या मनातच यायचं नाही. मग बटणं लावून जायचा.

यंदा काय झालं, मासा भिजवणारे सेल्मर म्हणजे सेल्मर ग्योर्वेन, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दूरच्या एका गावातल्या वृद्धाश्रमात नेलं त्यांना. इकडे बैठक बसली. आर्डिसबाईंनी विचारलं, "मग यंदा मासा कोण भिजवणार?" आर्डिसबाई म्हणजे त्या स्वयंपाकघराची राणी. पाद्री येतात-जातात, आर्डिसबाई असतात. सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. आणि मागून आवाज आला, "मी भिजवतो!"

आर्डिसबाई म्हणाल्या, "तू?... बरं. शिकवतोस तर तेच."

"हो ना," वेंडल म्हणाला. "ही तर साधी आम्ल-आम्लारीची बाब आहे."

"बरं," आर्डिसबाई परत म्हणाल्या. भिजवणारा माणूस त्या लांब टेबलाला शेगडीच्या बाजूला बसतो, हे सांगायची गरज नव्हती. वेंडल त्या रात्री घरी कसा गेला माहितेय? शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी तो सेल्मरना भेटायला गेला. वही नाही, पेन नाही, त्याला वाटलं कृती दोन ओळींची असणार. होतीही दोनच ओळींची.

"सिंकखाली लाल कॉफीचा डबा आहे," सेल्मर म्हणाले. "गळ्यापर्यंत सोडा भरायचा. एका पिंपाला एक डबा. झालं."

"गळ्यापर्यंत म्हणजे किती ग्रॅम?"

"गळ्यापर्यंत म्हणजे गळ्यापर्यंत! डब्याला गळा असतो की नाही?"

"पण सेल्मर, डबा हे काही माप नाही."

"नाही कसं? माझ्या बापापासून आहे!"

वेंडल हसला. त्या हसण्यातच सगळं पाणी मुरलं होतं बघ. गावाला विज्ञान दाखवायची संधी आली होती. सिंकखाली सेल्मरच्या जुन्या सोड्याचा एक शेवटचा डबा भरलेला होता, स्वच्छ काचेसारखे खडे. वेंडलने ते शाळेच्या तराजूवर तोलले. मग तळघरात संडे स्कूलचा फळा आहे ना, कोकराचं चित्र असलेला, त्यावर सुबक अक्षरात लिहिलं: Na₂CO₃. सोडियम दोनदा तेवीस, कार्बन बारा, ऑक्सिजन तीनदा सोळा. एकशे सहा. मग इतके ग्रॅम म्हणजे इतके मोल, इतक्या पिंपांना इतके. खाली दुहेरी रेघ. आर्डिसबाई लेफ्सेची लाटणी ठेवायला आल्या होत्या, त्यांनी फळा बघितला.

"सेल्मर डबा घ्यायचे," त्या म्हणाल्या.

"हो, पण हे अचूक आहे."

"अच्छा. वेगळंच आहे हं."

वेंडल खूश!

आता सोडा आणायचा. खड्यांचा सोडा कुठेच मिळेना, हल्ली कोण विकतो? शेवटी लाइलच्या हार्डवेअरच्या दुकानात पोहण्याच्या तलावासाठीची पोती होती, पांढरी भुकटी, वर लिहिलेलं "सोडियम कार्बोनेट". नाव तेच. वेंडलने ते वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

लाइलने विचारलं, "तलाव खणलास की काय? नोव्हेंबरात?"

"नाही, माशासाठी."

"मासा पोहणार आहे?"

"जेवणाचा मासा, लाइल."

"अच्छा," लाइल म्हणाला, आणि पोतं गाडीत टाकताना एकदा त्याने तोंड उघडलं होतं म्हणतात. पण काय बोलणार! शिकलेला माणूस, त्यातून नवीन. लाइलने तोंड मिटलं आणि गाडीचं दार लावून दिलं.

तेवढ्यात आणखी एक लचांड. सेल्मरच्या नावावरचा जेवणाचा परवाना सेल्मरबरोबर वृद्धाश्रमात गेल्यासारखाच होता, नवा काढायला हवा होता. वेंडल जिल्ह्याच्या कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं, "माशात काय घालता?"

"Na₂CO₃," वेंडल आनंदाने म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारलं होतं!

"तो दोन खाली घ्यायचा का?"

"हो, खाली."

"खाली जात नाही. वर चालेल?"

"वर? वर म्हणजे भार होईल! दोन धन की दोन ऋण?"

बाईंनी बोटं कीबोर्डवरून उचलली. "नाव सांगा हो."

"सोडियम कार्बोनेट."

बाईंनी ते टाइप केलं, आणि संगणकाने ते धुण्याच्या सामानात नेऊन टाकलं. धुण्याचं सामान खाद्यपदार्थात चालत नाही. वेंडलने संयुजा समजावल्या, आयन समजावले, मागची रांग दारापर्यंत गेली. बाई शेवटी म्हणाल्या, "एकच सांगा. मासा तुम्ही या सोड्याने धुता का?"

वेंडल प्रामाणिक माणूस. "एका अर्थी... हो."

"मग सोपं आहे," म्हणत त्यांनी शिक्का मारला. म्हणून यंदा आमच्या स्वयंपाकघरात, येशूच्या तसबिरीशेजारी, परवाना लागला: "हंगामी धोबीकाम". तो बघून एकही माणूस काही बोलला नाही. वाचलं मात्र सगळ्यांनी.

मासा भिजला. सोडा पडला. मग साधं पाणी. वेंडल शाळा सुटली की तळघरात, पिंपांशेजारी स्टूल टाकून बसायचा, वह्याही तिथेच तपासायचा. आणि अगं, काय सांगू, लोक यायला लागले! एकेक जण जिना उतरायचा, पिंपात डोकवायचा, दोन वाक्यं बोलायचा. वेंडलशी! त्याला वाटलं, हेच ते, आता आपण गावाचे झालो.

"बराच फुगलाय यंदा," एक बाई म्हणाली.

"फुगतोच!" वेंडल म्हणाला.

"आरपार दिसतंय रे," दुसरी म्हणाली. "सेल्मरच्या माशातून पलीकडचं दिसायचं नाही."

"शुद्धता!"

आर्डिसबाईंनी बोट लावून बघितलं. बोट आत गेलं. आणखी आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं, पदर... म्हणजे एप्रनला पुसलं, आणि म्हणाल्या, "तुला बरंच काम पडलं ना?" सगळ्यांना दिसत होतं, अगं! सगळ्या गावाला. पण तोंडावर सांगणं म्हणजे त्याला दुखावणं, आणि पाहुण्याला कोण दुखावतं?

मग शुक्रवार. जेवण शनिवारी. वेंडल तिथेच स्टुलावर बसून चाचणीचे पेपर तपासतोय. प्रश्न असा की धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकाचं रेणुवस्तुमान काढा. एका पोराने लिहिलेलं: एकशे सहा. वेंडलने लाल पेनाने फुली मारली आणि सवयीने शेजारी लिहायला लागला, "स्फटिकजल विसरलास! प्रत्येक रेणूबरोबर दहा पाणी. दोनशे शहाऐंशी. नुसतं नाव वाचून..."

पेन तिथेच थांबलं.

त्याने फळ्याकडे बघितलं. फळ्यावर कोकरू, आणि कोकराखाली एकशे सहा, दुहेरी रेघ मारून.

कळलं ना? सेल्मरचे खडे म्हणजे सोडा आणि त्यात गोठून बसलेलं पाणी, अर्ध्याहून जास्त नुसतं पाणीच. भुकटी म्हणजे कोरडा सोडा. नाव तेच, वजन तेच, पण माशात जाऊन पडला पावणेतीनपट. जी चूक केली म्हणून तो वर्षानुवर्षं पोरांचे गुण कापत आला, तीच. त्याने पिंपात हात घातला. मासा हातात येईना, बोटांमधून ओघळून गेला. खळ झाली होती, खळ.

आता दुसरा कुणी असता तर जिना चढून आर्डिसबाईंकडे गेला असता. हा गेला दुकानात. व्हिनेगर! आम्ल घातलं की अल्क मरतं. यावेळी हिशेब बरोबर केला हं त्याने, एका सोड्याला दोन ॲसेटिक आम्ल, तेही गाडीकडे पळता पळता तोंडी. दुकानातलं सगळं व्हिनेगर गाडीत घातलं. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "काकड्या मुरवताय वाटतं?" "हो," तो म्हणाला, "बऱ्याच."

हिशेब बरोबर होता. फक्त वायू निघतो हे तो घाईत विसरला. सोडा, व्हिनेगर आणि वर माशाची खळ, अगं, तो फेस! आधी पिंपातून उतू गेला, मग टेबलांखालून पसरला, मग जिना चढायला लागला. वर गायनाची तालीम चाललेली. दाराखालून फेस आत आला, तर गाणं थांबलं असेल असं वाटतं ना तुला? आमच्या खालच्या सुरात गाणाऱ्या आल्टोवाल्या बायकांनी पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले आणि पुढचं कडवं घेतलं.

आर्डिसबाई खाली उतरल्या. वेंडल कमरेपर्यंत फेसात उभा, हातात रिकामी बाटली.

"आर्डिसबाई, मासा..."

"दिसतोय."

"माझी चूक झाली. मी दहा पाणी..."

"फेस काय, बसेल. कॉफी घेतोस का?"

"मला बोला ना काहीतरी!"

"साखर घालू?" आर्डिसबाई म्हणाल्या.

शनिवारी लोक आले, बस भरून आले. ल्यूटफिस्क पळीने वाढला. वाटीतून! वर लोणी. एक म्हातारा शेतकरी दोन चमचे पिऊन म्हणाला, "यंदा चावावं लागत नाही, बरंय." शेजारचा म्हणाला, "माझे दात गाडीतच राहिले होते, चांगलंच झालं." आणि मग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकामागून एक, "वेगळंच आहे हं," "वेगळंच आहे," "हो ना, वेगळंच." वेंडल स्वयंपाकघराच्या वाढपाच्या खिडकीशी उभा राहून ऐकत होता. आता त्याला त्या शब्दाचा अर्थ कळला होता. इतक्या वर्षांत त्याला जे जे "वेगळंच आहे" म्हटलं गेलं होतं, ते सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

तेवढ्यात मागे आर्डिसबाईंचा आवाज चढला. "लाइल! अरे डोळे आहेत की बटणं? लोणी करपवलंस! तुझी आई असती तर तुला याच पातेल्यात बुडवला असता, मेल्या!" आणि लाइलच्या पाठीत ओलं फडकं, सट्! लाइल हसत होता. सगळेच हसत होते. एवढ्याशा लोण्यासाठी इतकी बोलणी, आणि पिंपंच्या पिंपं मासा नासवला त्याला साखर घालू का!

वेंडल पुढे झाला. "लोण्याचं काही नाही हो, मासा तर मी..."

"तू बस रे," आर्डिसबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "दमला असशील."

मग पाहुणे गेले. दार लागलं. लांब टेबलाला शेगडीच्या बाजूला खुर्ची होती, आणि ती खरंच वेंडलची होती. त्यावर उशी ठेवलेली. बाकी कुणाच्याच खुर्चीवर उशी नव्हती. तो बसला. सगळ्यांनी त्याच्याकडे लेफ्सेचं ताट सरकवलं. आणि मग त्याला बरं वाटावं म्हणून बोलणं सुरू झालं.

"मासाच खराब निघाला यंदा."

"मासा नाही, सेल्मरचं वय झालं. काहीतरी चुकीचं सांगितलं असणार याला."

"हो, सेल्मरचंच."

"त्या डब्याचं पण काही खरं नव्हतं कधी."

वेंडलने हातातली लेफ्से ताटात परत ठेवली. हवी होती ती खुर्ची मिळालेली, गप्प बसला असता तर दरवर्षी मिळाली असती. आणि तिकडे तो म्हातारा खुबा मोडून पडलेला, त्याला यातलं काही माहीतही नाही.

वेंडल उठला. फळ्यापाशी गेला. कोकराचे मागचे पाय पुसून त्याने जुन्या एकशे सहाच्या वर लिहिलं, दोनशे शहाऐंशी. "सेल्मरचा काहीही दोष नाही," तो म्हणाला. "त्यांचा डबा बरोबर होता. प्रत्येक रेणूबरोबर दहा पाणी असतं, ते मी विसरलो. हे मी स्वतः शिकवतो. मी नासवला मासा. मी."

आर्डिसबाईंनी शेगडीवरची किटली उतरवली.

"किती छान समजावतोस," आर्डिसबाई म्हणाल्या. "पण सेल्मरने सांगायला हवं होतं."

"उद्या बर्फ पडेल म्हणतात," लाइल म्हणाला.

"पुढच्या वर्षी मासा विकतच आणू या का," कुणीतरी म्हणालं. "म्हणजे वेंडललाही आराम." झालं! चूकसुद्धा घेईनात त्याची, अगं. वेंडलने कोट घातला. यावेळी बाह्या पटकन सापडल्या.

रविवारी बर्फ पडलाच. वेंडल त्यातूनच गाडी घेऊन वृद्धाश्रमात गेला. सेल्मर खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसलेले, गुडघ्यांवर पांघरूण. "काय, कसं झालं जेवण?" त्यांनी विचारलं. वेंडलने सगळं सांगितलं. भुकटी, दहा पाणी, धोबीकाम, व्हिनेगर, फेस. लोक सगळा दोष तुमच्यावर घालतायत हेसुद्धा सांगितलं.

 सेल्मरची मान आधी लाल झाली, मग कान.

"गाढवा!" ते ओरडले. समोर विणत बसलेल्या आजींचा टाका सुटला. "व्हिनेगर? माशात व्हिनेगर? आणि वर गायन चालू असताना? तुझ्या डोक्यात मेंदू आहे की भुसा भरलाय रे? डबा दिला होता ना तुला, लाल डबा, आंधळ्यालाही दिसेल असा! ते तुझं पाणीबिणी मला सांगू नकोस, दहा असो नाहीतर शंभर! फळ्यावर मासा भिजवतो का कुणी? कोकरू पुसलंस? ते कोकरू माझ्या बहिणीने काढलंय, दळभद्र्या!"

नर्स धावत आली. "सेल्मर, हळू! कोण आहेत हे, मुलगा का तुमचा?"

"मुलगा कसला! हा नॉर्डबीचा मासे नासवणारा!"

वेंडल खाली मान घालून बसला होता. रडतोय की काय म्हणून नर्स वाकून बघायला लागली, तर तो हसत होता. कुणीतरी त्याला "नॉर्डबीचा" म्हटलं होतं ना.

सेल्मर दम खायला थांबले. पाणी प्यायले. "ह्या हाडाने बसवत नाही जास्त," ते म्हणाले. "आणि अजून निम्मंसुद्धा बोलून झालेलं नाही माझं. फेसावर तर आलोच नाही. पुढच्या रविवारी ये. उरलेलं तेव्हा ऐकवतो. आणि लेफ्से घेऊन ये, रिकाम्या पोटी मला ओरडता येत नाही."

आता बघ, गावात त्याच्यासाठी उशीची खुर्ची आहे, "दमला असशील" म्हणणारी माणसं आहेत, आणि तिकडे चाळीस मैलांवर बर्फातून गाडी हाकत जायचं ते एका म्हाताऱ्याच्या उरलेल्या शिव्या खायला. तो तर गावात परत आल्या आल्या लेफ्सेसाठी बटाटे आणायला गेला. तू सांग, खरं सांग हं, तू असतीस तर काय केलं असतंस?